आमगाव, एंटरप्राइझ आवृत्ती

हजारो माणसे एकाच वेळी ब्राउझरमधून वापरतील, त्यांतील एकाचा हात दुसऱ्याच्या हिशेबापर्यंत पोहोचणार नाही आणि मध्येच वीज गेली तरी पैशाचा व्यवहार अर्धवट लटकणार नाही, अशी सॉफ्टवेअरे बांधण्याच्या विद्येस एंटरप्राइझ वेब विकसन असे म्हणतात. ही विद्या बँका, विमा कंपन्या आणि विमानांची तिकिटे विकणाऱ्या संस्था यांच्या गरजेतून वाढली असली, तरी गोंदिया जिल्ह्यातील आमगाव या तालुक्याच्या गावी ती शिकू लागलेल्या नवशिक्याला जो पहिला ग्राहक लाभतो, तो बहुधा त्याचा मामा असतो. मामाची राईस मिल असते. कोणाचे किती क्विंटल धान भरडाईला आले, तांदूळ किती पडला, कनकी किती, कोंडा किती आणि बारदाना परत गेला की नाही, एवढीच नोंद त्याला हवी असते, आणि ती नोंद मिलचे मुनीमजी लाल कापडी बांधणीच्या वहीत कैक वर्षांपासून ठेवत आलेले असतात. म्हणजे सॉफ्टवेअर वापरणारी माणसे दोन, मामा आणि मुनीमजी. त्यांतील मुनीमजींनी संगणकाला हात लावणार नाही असे आधीच जाहीर केलेले असल्यामुळे एक. या एका माणसासाठी नवशिका दहा हजार माणसांची तयारी करतो, आणि त्या तयारीचा अभ्यास हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विद्येचे आणि गोंदिया जिल्ह्याचे वय एकच आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९९५ मध्ये जावा ही संगणकभाषा प्रसिद्ध केली आणि मोठ्या संस्थांसाठी तिची जी भारदस्त आवृत्ती सिद्ध केली, ती 'जे टू ई ई' या नावाने डिसेंबर १९९९ मध्ये बाहेर पडली. त्याच वर्षी १ मे रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याने तेव्हापासून आपले नाव सांभाळले. जे टू ई ईचे मात्र २००६ मध्ये 'जावा ई ई' झाले, २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली, २०१७ मध्ये ओरॅकलने हे लेकरू इक्लिप्स फाउंडेशन या संस्थेच्या ओटीत घालण्याचे ठरवले, आणि जावा हे नाव ओरॅकलच्याच मालकीचे राहिल्याने नव्या पालकांनी २०१८ मध्ये त्याचे 'जकार्ता ई ई' असे पुन्हा बारसे केले. बारशावर भागले असते तर कोणाची तक्रार नव्हती; परंतु २०२० मधील नवव्या आवृत्तीत आतल्या असंख्य भागांच्या नावांआरंभी असलेले 'जावॅक्स' हे पद पुसून तेथे 'जकार्ता' लिहिण्यात आले, आणि तेव्हापासून जुना व्हिडिओ पाहून शिकणारा व नवा सर्व्हर उतरवून घेणारा नवशिका गुरूचे अक्षर न अक्षर उतरवूनही नापास होऊ लागला. "मी सांगितलं तेच लिहिलं ना?" असे क्लासचे सर विचारतात, "हो सर, तेच लिहिलं," असे नवशिका सांगतो, आणि या संवादात दोघेही शंभर टक्के खरे बोलत असतात.

शिक्षणाचा खरा आरंभ मात्र लिहिण्याने होत नाही, उतरवून घेण्याने होतो. आपल्या प्रकल्पाला इतरांनी लिहून ठेवलेले जे भाग लागतात त्यांना अवलंबित्वे म्हणतात आणि ती गोळा करून आणणाऱ्या साधनाचे नाव मेव्हन असे आहे. नवशिका एक अवलंबित्व मागतो; त्या अवलंबित्वाला आणखी पाच लागतात, त्या पाचांना आपापली वेगळी, आणि पडद्यावर 'नमस्कार आमगाव' एवढी दोन पदे उमटावीत म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून फाइलींची रीघ लागते. दिवसाचा डेटा दुपारच्या आत संपतो. त्या क्षणी जी फाइल अर्धी उतरलेली असते ती एका लपलेल्या फोल्डरात तशीच मुक्काम करते, दुसऱ्या दिवशी मेव्हन तिला पूर्ण समजून वापरू पाहते, आणि जाणकार यावर एकच इलाज सांगतात, तो म्हणजे सगळे पुसून सगळे पुन्हा उतरवणे.

"काय उतरवून राहिला सकाळपासून? पिच्चर?" बाबूजी विचारतात.

"नाही बाबूजी, लायब्ररी."

"लायब्ररीत तर बसून वाचतेत."

सर्व्हर ही संज्ञा घरी समजावून सांगणे त्याहून अवघड जाते. मागेल त्याला मागेल ती माहिती देण्यासाठी अखंड जागा राहणारा संगणक, ही त्याची पुस्तकी व्याख्या होय. परंतु धानविक्रीच्या ऑनलाइन नोंदणीसाठी सेवा केंद्रापुढे सातबारा हातात घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला सर्व्हर हा शब्द केवळ 'डाऊन' या विशेषणासह परिचित असतो. त्यामुळे मुलगा सर्व्हरचे शिक्षण घेत आहे हे कळल्यावर बाबूजी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहतात आणि मग म्हणतात, "म्हणजे डाऊन करतेत ते तुम्हीच लोकं का?"

आमगावकराला या विद्येत एक वारसाहक्क आहे, याची नोंद येथे केली पाहिजे. आठव्या शतकातील संस्कृत नाटककार भवभूती याने आपले मूळ गाव विदर्भातील पद्मपूर असल्याचे सांगितले आहे, आणि हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचेच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले; गावातील महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे ते त्यामुळेच. 'उत्तररामचरित' लिहिणारा हा कवी करुणरसासाठी विख्यात असला, तरी परीक्षेला बसलेल्या पिढ्यान् पिढ्यांनी त्याची धास्ती घेतली ती त्याच्या लांबच लांब समासांमुळे. अशा भूमीतील विद्यार्थी जावाच्या जगात आला की त्याला परके वाटण्याचे कारण उरत नाही. स्प्रिंग या लोकप्रिय साधनसंचात, म्हणजे इमारतीचा सांगाडा आधीच उभा करून देणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये, 'ॲब्स्ट्रॅक्टसिंगलटनप्रॉक्सीफॅक्टरीबीन' या नावाचा एक घटक खरोखरच आहे. तो सलग, एका दमात आणि मध्ये जागा न सोडता लिहावा लागतो. त्याचा विग्रह करून द्या असे नवशिक्याने सरांना सुचवले असता सर म्हणतात, "ते इंटरव्ह्यूत विचारत नाहीत." संस्कृतच्या तासालाही पूर्वी हेच उत्तर मिळत असे, फक्त तेव्हा इंटरव्ह्यूऐवजी परीक्षा होती.

मोठ्या नावाची ही ओढ केवळ नवशिक्याला असते असे मानणे अन्यायाचे ठरेल. मार्टिन फाउलर आणि त्यांचे दोन सहकारी २००० साली एका व्याख्यानाची तयारी करत असताना त्यांना प्रश्न पडला, की साध्या जावा वस्तूंनी भागत असताना लोक अवजड 'एंटरप्राइझ जावाबीन' कशासाठी वापरतात. आणि साध्या वस्तूला भारदस्त नाव नाही म्हणून, असा निष्कर्ष काढून त्यांनी तिला 'पोजो' हे नाव दिले. साधेपणा तत्काळ लोकप्रिय झाला. रॉड जॉन्सन यांनी २००२ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहून जे टू ई ईचा बोजा कमी कसा करावा ते दाखवले, त्या ग्रंथातील नमुन्यांमधून स्प्रिंग जन्मले आणि मार्च २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. बोजा कमी झाला, परंतु तो कमी करण्याच्या सूचना एक्सएमएल नावाच्या कोनदार कंसांच्या लिपीत पानेच्या पाने लिहाव्या लागू लागल्या, तेव्हा २०१४ मध्ये स्प्रिंग सुलभ करण्यासाठी स्प्रिंग बूट आले. आता स्प्रिंग बूट सुलभ करून सांगणारे अभ्यासक्रम निघाले आहेत, आणि ते अनेक तासांचे आहेत.

या विद्येचा गाभा म्हणजे थरांची रचना. तिची उकल तालुक्याच्या कचेरीवरून जितकी चटकन होते तितकी ग्रंथांवरून होत नाही. ब्राउझरमधून आलेली विनंती प्रथम 'कंट्रोलर' या घटकाकडे जाते. तो आवक-जावक बारनिशीवर बसलेला कारकून समजावा, कारण तो स्वतः काहीही करत नाही, आलेला कागद पाहतो, शिक्का मारतो आणि पुढे पाठवतो. पुढे 'सर्व्हिस' हा अव्वल कारकून बसलेला असतो, ज्याला नियम ठाऊक असतात. त्याच्या मागे 'रिपॉझिटरी' म्हणजे अभिलेख कक्ष, आणि अभिलेख कक्षाच्याही मागे कुलूपबंद कपाट, म्हणजे डेटाबेस. कपाटातील कागद जसाच्या तसा बाहेर जाऊ देणे नियमबाह्य असल्यामुळे त्याची नक्कल काढावी लागते, या नकलेस डीटीओ म्हणतात, आणि मूळ कागदावरून नकलेवर मजकूर उतरवण्यासाठी 'मॅपर' नावाचा स्वतंत्र नकलनवीस नेमावा लागतो. कोणी कोणाला स्वतः बोलावून घ्यायचे नाही, ज्याला जो लागेल तो त्याच्या टेबलाशी वरून आणून बसवला जाईल, या शिस्तीस 'डिपेंडन्सी इंजेक्शन' असे नाव आहे. मामा पडद्यावर एका शेतकऱ्याचे नाव टंकतो, ते नाव पाच टेबलांवरून कपाटात जाते, पाच टेबलांवरून परत येते आणि पडद्यावर तेच नाव दिसते. कचेरीशी तुलना येथे संपते, कारण कचेरीतील पाचही टेबलांवर निदान पाच वेगवेगळी माणसे असतात. येथे पाचही ठिकाणी नवशिका एकटाच बसलेला असतो आणि स्वतःच स्वतःची नस्ती स्वतःकडे त्रुटी काढून परत पाठवत असतो.

एवढ्या व्यवस्थेनंतर शेतकऱ्याचे नाव 'तेच' दिसते असे वर म्हटले, ते सौजन्य म्हणून. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी ते '?????' असे दिसते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सध्याच्या सर्वमान्य पद्धतीत तीन बाइटांची जागा घेते, परंतु मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ सवय २०१८ मधील आठव्या आवृत्तीपर्यंत पश्चिम युरोपीय लिपीची होती, आणि जुनी आवृत्ती बसवणाऱ्या नवशिक्याच्या यादीत गावातील सर्व खातेदार प्रश्नचिन्हे होऊन एका रांगेत उभे राहतात. कोण बडा, कोण लहान, कोणाची उधारी किती, सारा भेद नाहीसा होतो. मामाला ही समता मान्य नसते.

दुसरे संकट तारखेचे. सर्व्हर बहुधा आपले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवतो आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. राईस मिलचा काटा मात्र पहाटेच सुरू होतो. पहाटे पाचला वजन झालेले धान सॉफ्टवेअरच्या मते आदल्या दिवशी रात्री साडेअकराला आलेले असते. मुनीमजी छापील कागद चष्मा वर करून पाहतात आणि म्हणतात, "काल तर मिल बंद होती जी." तिसरे संकट गणिताचे, आणि ते सर्वांत अपमानास्पद असते. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, त्या पद्धतीत एक दशांश हा आकडा पूर्णपणे मावत नाही, आणि त्यामुळे ०.१ क्विंटल कनकीत ०.२ क्विंटल कनकी मिळवल्यावर पडद्यावर ०.३०००००००००००००००४ क्विंटल कनकी झळकते. या प्रकाराला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात, पैशांच्या व वजनांच्या हिशेबासाठी तो वापरू नये असे प्रत्येक पुस्तकात लिहिलेले असते आणि ते पान नवशिका ओलांडून पुढे गेलेला असतो.

"भाऊ," मुनीमजी विचारतात, "हा शेवटचा चार कोणाच्या खात्यात टाकू?"

टॉमकॅट या सर्व्हरविषयी स्वतंत्र परिच्छेद आवश्यक आहे. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी त्याला हे नाव दिले ते, पुढेमागे त्यावर ओरायली प्रकाशनाचे पुस्तक निघेल आणि त्या प्रकाशनाच्या प्रथेप्रमाणे मुखपृष्ठावर प्राणी लागेल, अशा दूरदृष्टीने; पुस्तक निघाले तेव्हा त्यावर हिमबिबट्या आला. हा सर्व्हर संगणकाच्या ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे विनंत्या आत घेण्याच्या क्रमांकित दारावर, बसून राहतो. नवशिका खिडकी बंद करतो आणि सर्व्हर बंद झाला असे समजतो. सर्व्हर दार अडवून आतच असतो, नवा सर्व्हर सुरू करताना 'दार आधीच वापरात आहे' असा संदेश येतो, आणि नवशिक्याला स्वतःच्याच घराबाहेर स्वतःच उभे राहावे लागते. मध्यरात्री तो फोनवर मित्राला सांगतो, "किती मारला तरी टॉमकॅट मरतच नाही रे." आतल्या खोलीतून आई ओरडते, "मांजर मारू नको बाप्पा! काशीला जावं लागते!" यानंतर तीन पिढ्यांच्या पापपुण्याची चर्चा होते आणि ८०८० चे दार तसेच अडलेले राहते.

चूक झाली असता जावा जो तक्रारपट छापते त्यास स्टॅक ट्रेस म्हणतात. कोणी कोणाला हाक मारली होती याची ती वंशावळ असते, ती शंभर ओळींची सहज भरते, आणि खरे कारण बहुधा तळाशी असते, तर नवशिका पहिल्या ओळीपाशीच घाम पुसत थांबतो. सर्वांत वारंवार भेटणारी तक्रार 'नलपॉइंटरएक्सेप्शन' ही होय. जेथे वस्तू असायला हवी तेथे काहीच नाही, असा तिचा आशय. ज्या शेतकऱ्याकडे मोबाईल नाही त्याचा रकाना कोरा राहतो आणि त्याच्यापायी गावातील सगळ्यांची यादी कोसळते. टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये या 'काहीच नाही'ची कल्पना आणली आणि २००९ मध्ये तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हणून जाहीरपणे कबूल केले, परंतु आमगावच्या खातेदारापर्यंत तो कबुलीजबाब पोहोचलेला नाही.

भवभूतीची येथे पुन्हा आठवण होते. 'मालतीमाधव' नाटकाच्या प्रारंभी त्याने आपल्या टीकाकारांना सुनावले आहे, की काळ अमर्याद आहे आणि पृथ्वी विशाल आहे, तेव्हा माझा समानधर्मा, म्हणजे माझ्या जातकुळीचा कोणी तरी आज ना उद्या, कोठे ना कोठे जन्माला येईलच. नवशिका रात्री दोन वाजता तक्रारपटाची एक ओळ जशीच्या तशी शोधयंत्रात घालतो तेव्हा तो याच श्रद्धेवर जगत असतो. आणि समानधर्मा सापडतो. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कोणा एकाला अनेक वर्षांपूर्वी हीच ओळ, हाच घटक, हाच कोरा रकाना नडलेला असतो. त्याने व्याकुळ होऊन सगळे सविस्तर मांडलेले असते, आणि खाली दोन दिवसांनी स्वतःच लिहिलेले असते : 'सुटले, धन्यवाद.' कसे सुटले ते सांगण्याची गरज त्याला वाटलेली नसते. कवीने समानधर्म्याची हमी दिली होती, त्याच्या स्वभावाची नव्हे.

एवढ्या आपत्तींनंतर सॉफ्टवेअर एकदाचे चालते. अभिमानाने भारलेला नवशिका पुण्याला हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मित्राला त्याचा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि तो पत्ता 'लोकलहोस्ट' या शब्दाने सुरू होतो. लोकलहोस्ट याचा अर्थ ज्या संगणकावर तुम्ही बसला आहात तोच संगणक. मित्र तो पत्ता उघडतो तेव्हा त्याचा संगणक मामाची राईस मिल स्वतःच्याच पोटात शोधतो आणि अर्थातच ती तेथे नसते. "उघडत नाही बे," असा निरोप येतो. "माझ्याकडे तर उघडते," असे उत्तर जाते. या व्यवसायात पुढे कितीही बढत्या मिळाल्या तरी हे उत्तर बदलत नाही, असे जाणकार सांगतात.

मित्र मग पुण्याहून सल्ला देतो, की असे अखंड सॉफ्टवेअर आता कोणी बांधत नाही, त्याचे छोटे स्वतंत्र तुकडे, म्हणजे मायक्रोसर्व्हिसेस, करावे लागतात. नवशिका तत्काळ धान सेवा, तांदूळ सेवा, कोंडा सेवा आणि बारदाना सेवा असे चार तुकडे करतो आणि चारही तुकडे एकाच जुन्या लॅपटॉपवर चालवतो. लॅपटॉपचा पंखा असा घोंघावू लागतो, की मामा शेजारच्या खोलीतून "मिल कोणी चालू केली?" असे विचारतो. स्वतंत्र तुकड्यांचा लाभ असा सांगितला जातो, की एक कोसळला तरी इतर चालू राहतात. तदनुसार बारदाना सेवा कोसळते, तांदूळ सेवा चालू राहते, आणि अधिकृत नोंदीनुसार पन्नास क्विंटल तांदूळ पोत्यांविना रवाना होतो. सुरक्षेचीही हयगय झालेली नसते. प्रशासक, पर्यवेक्षक, लेखापाल आणि अतिथी अशा चार भूमिका, चार पासवर्ड, प्रत्येकात एक मोठे अक्षर, एक अंक व एक विशेष चिन्ह अशी कडक योजना असते. चारही भूमिका मामाच्याच असल्यामुळे तो चारही पासवर्ड एका कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवतो आणि विसरू नये म्हणून तोच कागद फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो.

अशा वेळी मामा सहज म्हणतो, की हमालीचा एक रकाना वाढवला तर बरे होईल. मुनीमजी वही उघडतात, लाकडी पट्टी ठेवतात, एक उभी रेघ ओढून माथ्यावर 'हमाली' असे लिहितात आणि टोपण लावून पेन खिशात ठेवतात. नवशिका कागद घेऊन यादी करू लागतो : डेटाबेसचे टेबल बदलणे, तो बदल नोंदवणारी स्वतंत्र फाइल, मूळ घटक, त्याची नक्कल, नक्कल करणारा मॅपर, सर्व्हिस, कंट्रोलर, पडद्यावरचा फॉर्म, या सर्वांच्या चाचण्या, आणि बारदाना सेवेला याची कल्पना देणे.

"तुमच्याइथं किती टाइम लागते जी?" मुनीमजी आस्थेने विचारतात.

"धान निघेपर्यंत होऊन जाते."

"कोणता? हलका का भारी?"

नवशिका भारी धान सांगतो, मग यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवतो आणि उन्हाळी म्हणतो.